हालरच्या गाडीला इंजिन

माझी माय आणि मोठेबाबा एका घरात राहून एकमेकांशी कधी बोलले नाहीत. भांडण नव्हतं. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, मायचे भासरे. भासऱ्यासमोर बाईनं डोक्यावर पदर घ्यायचा, त्याचं नाव घ्यायचं नाही आणि त्याच्याशी सरळ बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत होती. पण एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांचं बोलल्याशिवाय भागत नाही, म्हणून मधे मी होते. माय चुलीपुढून म्हणायची, "सांग वो मोठेबाबाले, पानी तापला हाये." मोठेबाबा चार हातांवर ओसरीत बसलेले असत. त्यांनी ऐकलेलं असे, हे मलाही दिसायचं, मायलाही माहीत असायचं. तरी मी दारात जाऊन "मोठेबाबा, पाणी तापलं" म्हणेपर्यंत ते हलत नसत. मग ते म्हणत, "सांग तिले, आलो." मी मान वळवून स्वयंपाकघराला सांगायची, "आले." एकदा मला लहर आली आणि मी सांगितलं, "माय म्हणते, आज आंघोळ नाही केली तरी चालते." मोठेबाबा खरोखर विचारात पडले. मोठीमायनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग स्वतःच पदर तोंडात कोंबून हसत बसली.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, तलावाच्या पाळीखाली. घरात सकाळची सुरुवात रात्रीच्या भातानं व्हायची. पाण्यात भिजत घातलेला तो शिळा भात, वर मीठ, कच्चा कांदा आणि जवसाची चटणी. दुपारी भात आणि लाखोळीची डाळ, रात्री भात आणि जी असेल ती भाजी. आता माझी सून डॉक्टरनं सांगितलं म्हणून मला वाटीनं मोजून भात वाढते आणि मी ताटाकडे बघत बसते. तिचं चुकत नाही, पण भात मोजून खाण्याची वस्तू आहे हे माझ्या जिभेला अजून पटलेलं नाही. त्या वेळी घरात सगळ्यात मोठा आवाज मोठीमायचा होता. ती दुष्ट नव्हती, पण कामं वाटून द्यायला बसली की मायच्या वाट्याला गोठा, शेण, धानाची रोवणी आणि चूल येई, आणि तिच्या वाट्याला देखरेख. माय करायची. तक्रार करायची नाही, गाणं म्हणायची नाही आणि हसायची तर मुळीच नाही. मला तेव्हा वाटायचं, माझी माय अशीच आहे.

ती तशी नाही, हे मला गाडीमुळं कळलं. बाबांनी कुठूनतरी एक जुनी व्हॅन आणली होती. पूर्वी ती बिस्किटं पोचवायची. तिच्या अंगावर बिस्किटाचा अर्धा पुडा रंगवलेला अजून दिसायचा आणि पावसाळ्यात आतून गोडूस वास यायचा. बाबांनी तिच्या पोटात हालर बसवला. हालर म्हणजे धान कांडायचं लोखंडी यंत्र. वरून धान टाकायचं, एका तोंडातून तांदूळ पडतो, दुसरीकडून कोंडा. तो चालवायची बाबांची तऱ्हा अशी, की गाडीचं मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, ते काढून तिथं लोखंडी पुली बसवायची, पुलीवरून हालरवर पट्टा चढवायचा आणि गाडी गिअरमध्ये टाकायची. ज्या गावांत कांडपाची गिरणी नव्हती, तिथं आमची गाडी आठवडी बाजाराच्या दिवशी जायची. आज हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, बाप रे, किती धोक्याचं. होतंच धोक्याचं. पण उखळात धान कांडून ज्यांच्या खांद्यांची हाडं दुखत होती, त्या बायका आमची गाडी वळणावर दिसली की टोपल्या उचलायच्या.

हालरवर माय उभी राहायची. बाबा इंजिनाकडे बघत, ती धानाकडे. पदर कमरेला खोचलेला, केसांवर कोंडा आणि तोंडाची टकळी चालू. कुणाचं धान ओलं, कुणाचं जास्त वाळलं, हे ती दातांखाली एक दाणा धरून सांगायची. तांदूळ पडायला लागला की तळहातावर घेऊन फुंकर मारायची आणि कणी किती, अख्खा दाणा किती हे बघून बाबांना हातानं खूण करायची, वेग कमी, वेग जास्त. बायका तिला सासवांच्या गोष्टी सांगायच्या, नवऱ्यांच्या सांगायच्या, आणि माय हसायची. मान मागं टाकून, दात दाखवून. मी बोनटवर बसून तिच्याकडे बघत राहायची, कारण ही बाई मला घरी कधी भेटत नव्हती. संध्याकाळी गाव जवळ आलं की ती केस झटकायची, पदर सोडून डोक्यावर घ्यायची आणि पुन्हा गप्प व्हायची.

एका हंगामाच्या तोंडावर गाडीचं इंजिन गेलं. आधी तेल प्यायला लागलं, मग धूर सोडायला लागलं, आणि एका चढावर आतून असा आवाज आला की बाबांनी चावी फिरवून बंद केलं ते पुन्हा चालूच झालं नाही. ब्लॉकला तडा गेला होता. दुरुस्ती करण्यात अर्थ नव्हता, दुसरं इंजिन बघायला हवं होतं. त्या रात्री ओसरीत बसून मोठेबाबांनी आपलं मत मांडलं. घरात शेवटचं मत त्यांचंच असायचं.

"गोंदियाले मी मिस्त्रीशी बोलून आलो," ते म्हणाले. "त्याच्यापाशी पेट्रोल मोटारीचा इंजिन हाये. पयते असा का काय सांगू. तो टाकू, मागं सीटा बसवू आन सवारी मारू. महाशिवरातीले परतापगडच्या जत्रेत पाय ठेवाले गाडीत जागा नाई रायत."

"आन हालर?" बाबांनी विचारलं.

"हालर ठेवू गोठ्यात. कोनाले लागला तं काढू. असाही बाईमानसानं बाजारात उभा रायून कांडप करावा, हे मले काई बरा नाई वाटत."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. बाबा थोरल्या भावापुढं कधी मान वर करून बोललेले मी पाहिले नव्हते. त्यांनी खूप वेळ तंबाखू चोळली आणि मग एक मधला रस्ता काढला. त्यांना तो फार शहाणपणाचा वाटला असावा. त्याच मिस्त्रीकडे एका जीपचं डिझेल इंजिनही होतं. बाबा म्हणाले, दोन्ही इंजिनांवर हालर लावून पाहू. ज्याचा तांदूळ अख्खा निघेल, ते घेऊ; डिझेल ठरलं तर गाडी कांडपाचीच राहील, पेट्रोल ठरलं तर सवारीची. तांदूळ बघायला हिला नेऊ. गाय घेताना आपण तिला पिळून बघतो की नाही? मोठेबाबांना हे पटलं. ते हट्टी होते, पण न्यायी होते, आणि मिस्त्रीनं पेट्रोलच्या इंजिनाची इतकी तारीफ केली होती की ते कशातच हरणार नाही अशी त्यांची खात्री होती. ते मला म्हणाले, "सांग तिले, गोंदियाले सोबत याचा हाये." मी आत गेले तेव्हा माय भिंतीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं. पेट्रोलचं इंजिन आलं तर सीटा येणार, सीटा आल्या की हालर गोठ्यात जाणार, आणि हालरमागोमाग ती. मी तेव्हा लहान नव्हते, मला हे समजत होतं. फक्त याबाबतीत कुणी काही बोलू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

मेलेली गाडी एका ट्रॅक्टरला बांधून आधीच गोंदियाला पोचवली होती, हालर तिच्या पोटातच होता. आम्ही चौघं रेल्वेनं गेलो. मायच्या मांडीवर धानाचं गाठोडं होतं. एकाच ढिगातलं, एकसारखं वाळवलेलं, म्हणजे दोन्ही इंजिनांना सारखीच संधी मिळावी. मिस्त्रीचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि खाली गाड्यांची हाडं. आम्ही हालर उतरवायला लागलो तसा तो कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, मैं इंजन बेचता हूँ, चावल नहीं. ये क्या लाये?" बाबांनी समजावलं. तो हसला, मग त्यालाही गंमत वाटायला लागली आणि त्यानं दोन्ही इंजिनं लोखंडी घोड्यांवर बसवून पुली लावून दिली. एक बाई इंजिनं पारखायला आली आहे हे कळल्यावर शेजारच्या दुकानांतले चारदोन जण येऊन उभे राहिले. माय पदर कपाळापर्यंत ओढून माझ्या मागं उभी होती.

डिझेलचं इंजिन दाराजवळ होतं, म्हणून आधी ते लावलं. चालू झालं तसं पत्रे थरथरायला लागले. मायनं अर्धं धान ओतलं. तांदूळ पडला, पण कणी बरीच होती, निम्मा दाणा तुटका. मग पट्टा काढून पेट्रोलच्या इंजिनाला लावला. ते खरंच गुणाचं होतं. गुरगुरल्यासारखा आवाज, धूर नाही, आणि मिस्त्री स्वतः हातानं वेग धरून उभा. उरलेलं धान मायनं ओतलं आणि खाली तांदूळ पडला तो लांब, पांढरा, अख्खा. इंजिन बंद झाल्यावर एकदम शांत झालं. मिस्त्री म्हणाला, "देखा? मक्खन है." मोठेबाबांनी बाबांकडे पाहिलं. बाबा खाली बघत होते. आपल्याच शहाणपणात ते सापडले होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हालर थंड असताना पहिल्यांदा जे धान घालतो, ते तुटतंच. कुठल्याही इंजिनावर तुटतं. लोखंड गरम झालं, आत कोंडा बसला की मग दाणा अख्खा यायला लागतो. बाजारात माय रोज पहिलं टोपलंभर घरचं धान घालायची आणि तो तुटका तांदूळ कोंबड्यांना टाकायची. डिझेलला थंड हालर मिळाला होता आणि पेट्रोलला गरम. बाबांना गडबडीत सुचलं नाही, मोठेबाबांना माहीत नव्हतं. मायला माहीत होतं आणि मलाही. मी तिच्याकडे बघितलं. ती आता एवढंच सांगेल आणि सगळं सुटेल, असं मला वाटलं.

"सांग तिले," मोठेबाबा मला म्हणाले, "दोनी तांदूळ पाह्य आन काय तो फैसला दे म्हना."

मायनं दोन्ही तळहातांवर दोन्ही तांदूळ घेतले. नेहमीसारखी फुंकर मारली. "सांग मोठेबाबाले," ती म्हणाली, आणि थांबली. तिनं तांदूळ खाली ठेवले, हात लुगड्याला पुसले आणि माझ्या खांद्याला धरून मला बाजूला केलं. मी तिच्या आणि त्यांच्यामधून सरकले. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण तोंड सरळ त्यांच्याकडे.

"पेट्रोलचा तांदूळ चांगला हाये," ती म्हणाली. "पन इंजिन डिझेलचा घ्या."

मोठेबाबांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी कधी हे वाक्य पोचवते याची ते वाट बघत होते. मी काय पोचवणार होते? शेवटी ते मलाच म्हणाले, "काऊन म्हनते थे?"

"पेट्रोलचा आला तं हालर निंघन," माय त्यांनाच म्हणाली. "हालर निंघला तं मी घरी बसन. मले घरी बसाचा नाई."

तिचा आवाज चढला नव्हता. उलट सुपारी मागावी तसा साधा होता. पण मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त म्हणजे मला ती फार आवडली, इतकी की मी रडायच्या बेताला आले. मोठेबाबांचा चेहरा लाल झाला. भावजय आपल्याशी बोलली, यावर काय करायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तेवढ्यात बाबा खालीच बघत म्हणाले, "मिस्त्री, डिझेलचा बसवा."

"कौन सा?" मिस्त्रीला ऐकू आलं नव्हतं.

बाबांना तेच पुन्हा म्हणावं लागलं. या वेळी त्यांनी मान वर केली आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "डिझेलचा!" मोठेबाबा चपला घालून बाहेर पडले.

परतीच्या गाडीत ते दुसऱ्या डब्यात बसले. माय खिडकीशी होती, तांदळाची दोन गाठोडी पायाशी. मी तिला हळूच विचारलं, पहिला तांदूळ थंड हालरमुळं तुटला, हे तू काऊन नाही सांगितलं? आपण तर जिंकलोच असतो. ती म्हणाली, "मंग तांदळाचा भांडन झाला असता. मले तांदळाचा भांडाचा नव्हता."

माझ्या वाट्याला पुढं पुष्कळ भांडणं आली. माहेरची, सासरची, सोसायटीतल्या पाण्याची. त्यांतली निम्मी मी तांदळाची भांडली, हे मला आता कळतं. असो.

घरी आल्यावर कुणाला वाटेल, सगळं बदललं. तसं काही नाही. माय पुन्हा डोक्यावर पदर घेऊन माझ्या तोंडून बोलू लागली. "सांग मोठेबाबाले, जेवाले या." मोठेबाबांनी मात्र उत्तर देणं बंद केलं. जेवायचे, उठून जायचे. मोठीमाय गोठ्यात मायला म्हणाली, "एक डाव बोलली थे पुरे झाला. आता पुन्हा तोंड उघडू नोको." पण रात्री तिनं मायच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं, तेही मी पाहिलं. गाडी आली. डिझेलचं इंजिन असं ओरडायचं की ती पाळीवर चढली की घरातल्या कोंबड्या पळायच्या, आणि चढावर सायकलवाले आम्हाला मागं टाकून जायचे. मोठेबाबा कापणीपर्यंत त्या गाडीत एकदाही बसले नाहीत. इंजिन मायच्या मनासारखं आलं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं. घराच्या थोरल्या माणसाचं मन आपण मोडलं, हे तिला खात होतं. तिनं ते मला एकदा सरळ सांगितलंही.

मग धान कापणी झाली, बाजार भरायला लागले आणि नेमका पहिल्याच मोठ्या बाजाराला बाबांना ताप भरला. उठवेना. जंगलाकडच्या त्या गावातल्या बायका टोपल्या घेऊन बसणार, हे ठरलेलं होतं. गाडी चालवता येणारं घरात दुसरं माणूस एकच होतं. मायनं पायली घेतली, पट्टा घेतला आणि गाडीत जाऊन बसली. मी बाजूला बसले. आम्ही बराच वेळ तशाच बसून राहिलो. मोठेबाबा ओसरीत येरझारा घालत होते. शेवटी ते आले, कुणाकडे न बघता चावी फिरवली आणि सगळा रस्ता पुढं बघत गाडी हाकत राहिले.

बाजारात त्यांनी चाक उतरवलं, पुली बसवली, हे त्यांनी बाबांना करताना बघितलेलं होतं. पट्टा चढला, इंजिन सुरू झालं. त्या आवाजात शेजारचं माणूस काय म्हणतं तेही कळत नव्हतं. बायकांनी टोपल्या पुढं सरकवल्या. भासरे समोर असल्यामुळं मायनं त्या दिवशी पदर कमरेला खोचला नव्हता, तो डोक्यावर होता आणि त्याचं टोक खांद्यावरून सुटं लोंबत होतं. ती धान ओतायला वाकली. पदराचं टोक पट्ट्याकडे उडालं, मागं आलं, पुन्हा उडालं. मी बोनटवरून ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मोठेबाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मला काहीतरी सांगायला. आणि मग माझ्यावरून नजर काढून, सगळा जीव गोळा करून ते मायवरच ओरडले.

"पदर खोच! अवो, पदर खोच आधी!"

माय दचकून सरळ झाली. तिनं पट्ट्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर ओढला, गोळा केला आणि कमरेला घट्ट खोचला. ती त्यांच्यासमोर पहिल्यांदाच उघड्या डोक्यानं उभी होती. बायका बघत होत्या. तिनं पुन्हा टोपलं उचललं.

"पट्टा ढिला हाये," ती त्यांना ओरडून म्हणाली. "ताना!"

मोठेबाबांनी पट्टा ताणला. दिवसभर त्या आवाजात ते दोघं एकमेकांवर ओरडत होते, वेग कमी, वेग जास्त, जॅक बघा, कोंडा काढ. मी बोनटवर बसून होते. मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.